नमुन्याची रेघ

१

दयाराम पेंटरचा हात थरथरायला लागला, तेव्हा चिखलीतल्या निम्म्या पाट्यांवर त्याचंच अक्षर होतं. बाजार समितीच्या फाटकावर, खामगाव रोडच्या टायरवाल्याकडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, शाळांच्या भिंतींवर, पार अमडापूर-डोणगावच्या विहारांपर्यंत. माणूस ताठ होता. दुसऱ्या कुणाचं काम दिसलं की मान तिरकी करून नुसतं "हं" म्हणायचा, आणि त्या "हं"मध्ये समोरच्याचा पार कचरा व्हायचा. फ्लेक्सची यंत्रं आली तेव्हा तो म्हणाला होता, चार दिवसांचं नाटक आहे. नाटक काही संपलं नाही, आणि वरून हातानंच दगा दिला.

शेवटची पाटी एका कृषी केंद्राची होती. उभी रेघ ओढायला ब्रश खाली आणला आणि रेघ नागमोडी उतरली. पुसून पुन्हा ओढली, तरी तशीच. याची पाठ वळल्यावर दुकानदार नोकराला म्हणाला, "सकाळीसकाळीच लावून आला काय बे हा?" दयारामनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. तो शिडीवरून उतरला, ब्रश धुतले, घरी आला आणि पुन्हा कधी शिडीवर चढला नाही.

डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं, गोळ्या घ्या, झोपेत हात शांत राहील तेवढाच आराम. दाढी करताना हनुवटी कापायची, म्हणून ती पोरगी करून द्यायची. मनगटातलं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ दिवसभर खुळखुळायचं. त्या आवाजाची त्याला एवढी चीड आली की ते त्यानं काढून कपाटात टाकलं.

पोरगी म्हणजे समता. एकुलती एक. आई महामाया गेल्यापासून घरात बाप आणि लेक दोघंच. समता गावातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि तिच्या हाताचं गावात नाव होतं. सुई टोचली कधी आणि काढली कधी, ते कळायचं नाही. तान्ह्या लेकराची शीर डॉक्टरांना सापडली नाही की "समता सिस्टरले बोलवा" अशी हाक पडायची. तिच्या पगारावर घर चालायचं. बापाचा हात लेकीत उतरला, असं लोक म्हणत, आणि दयाराम ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आतून मात्र सुखावायचा.

२

दिवाळीत समतानं बापासाठी चित्र काढायचा टॅबलेट आणला. पाटीएवढा पडदा, त्यावर पेन फिरवायचं, आणि शेजारी बटणांची एक छोटी फळी. तिच्या एका मैत्रिणीचा भाऊ पुण्यात हेच काम करायचा, त्यानं वापरलेला दिला होता.

"हे काय खेळणं हाय व?" दयाराम म्हणाला.

"हात लावून तं पाहा बाबा."

"माह्या हातात काय राह्यलं आता?"

समतानं वाद घातला नाही. ड्युटीवरून आली की ती व्हिडिओ लावून बसायची आणि ते सॉफ्टवेअर बापाच्या अंगाला येईल असं बेतायची. त्याला गोंधळात टाकणाऱ्या सगळ्या खिडक्या तिनं लपवल्या. त्याच्या चपट्या सहा नंबरच्या ब्रशसारखा ब्रश बनवला, केस झिजलेल्या कडेसकट. डब्यांवर असायची तीच रंगांची नावं दिली. फळीवरच्या बटणांवर टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली दाबली की शेवटची रेघ मागं, हिरवीनं ब्रश मोठा, निळीनं कागद फिरायचा, कारण दयारामला पाटीभोवती वाकून काम करायची सवय होती. हे सगळं तिनं एवढ्या मायेनं केलं की तो एकेक टिकली बोटानं चाचपून बघत राहिला.

सगळ्यात शेवटी राहिला स्टॅबिलायझर. थरथरत्या हाताची रेघ सरळ करून देणारी ती सोय. आडवी एक पट्टी होती, डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. पण ती चालू करताना यंत्रानं नमुना मागितला. पेन धरून एक सरळ रेघ ओढा, म्हणजे हाताची ओळख पटेल.

दयारामनं ओढली. पडद्यावर गांडूळ उमटलं.

"द्या इकडं," समता हसून म्हणाली. "तुमच्या हातावरून शिकलं तं ते बी थरथरंन." तिनं पेन घेतलं, श्वास सोडला आणि सुई लावावी तशी अलगद एक रेघ ओढली. यंत्रानं नाव विचारलं. तिनं 'समता' असं टाकलं आणि पेन बापाच्या हातात दिलं.

त्यानं पुन्हा ओढली. हात थरथरतच होता, त्याला डोळ्यांनी दिसत होतं. पण पेन पुढे गेलं आणि रेघ त्याच्यामागून, जराशी उशिरा, एकदम सरळ येत गेली. दयारामला रडू कोसळलं. लेकीसमोर तो पहिल्यांदाच रडला.

३

संक्रांतीपर्यंत गावाला कळलं, की पेंटर पुन्हा कामाला लागला. फ्लेक्सवाला गोपाल, ज्याचं दुकान बघून दयाराम दहादा "हं" म्हणाला होता, तोच घरी आला. "काका, तुमी पडद्यावर काढा, मी छापतो. नेटवरचे फोटो पाहून पाहून लोकायले कंटाळा आला." कामं येऊ लागली. आणि एक दिवस अमडापूरहून शंकरराव आले, तिथल्या विहार समितीचे अध्यक्ष. दयारामचे जुने दोस्त.

"वैशाख पौर्णिमेले नवा हॉल उघडाचा हाय," ते म्हणाले. "भिंतभर बुद्ध पाह्यजे. आन् डोळे असे काढ दयाराम, का आत येनाऱ्याचा जीव थंडा झाला पाह्यजे."

एवढं मोठं काम त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. तो पुढच्या खोलीत टेबल मांडून बसला. आतल्या खोलीत समता रात्रपाळी करून येऊन दुपारी झोपायची. मध्ये दाराला कापडाचा पडदा. दुपारी त्या गल्लीत चिटपाखरू नसायचं. पेनचं टोक काचेवर फिरायचं, तेवढाच आवाज.

आणि एके दुपारी त्यात दुसरा आवाज मिसळला. बांगड्यांचा. बारीक, सारखा, लोखंडी पलंगाच्या कडेवर काच किणकिणावी तसा.

उठली वाटतं, असं म्हणून दयाराम थांबला. आवाजही थांबला. त्यानं हाक मारली नाही, झोपू दे म्हटलं. चीवराची घडी काढायला पेन टेकवलं, लांब रेघ ओढली. पेन पुढे गेलं, आणि रेघ मागून यायची त्या मधल्या वेळात बांगड्या वाजल्या. रेघ पुरी झाली, त्या गप्प झाल्या. कूस बदलली असेल, असं तो मनाशी म्हणाला. तिसऱ्या घडीलाही पोरीनं कूस बदलली. चौथ्याही.

४

त्यानं पडदा सारून बघितलं, तेव्हा समता गाढ झोपलेली होती. तोंड किंचित उघडं, कपाळावर केस. उजवा हात पलंगाबाहेर लोंबत होता, अगदी स्थिर. दयारामला स्वतःचंच हसू आलं. म्हातारपणी माणसाला काय काय ऐकू येतं.

पेन त्याच्या हातातच होतं. टेबल दारातून हाताच्या अंतरावर. त्यानं पडदा तसाच धरून ठेवला आणि मागे न बघता टॅबलेटवर एक रेघ ओढली.

समताचा हात थरथरला. आधी अंगठा आणि तर्जनी, गोळी वळावी तशी एकमेकांवर घासली, मग मनगट, मग बांगड्या. ती थरथर दयाराम ओळखत होता. चहाच्या कपात, गुंडी लावताना, आरशात, सगळीकडे त्यानं ती बघितली होती. तिची पापणीसुद्धा हलली नव्हती.

डॉक्टर म्हणाले होते, झोपेत हात शांत राहतो. ते आठवलं आणि त्यानं दाराचा पडदा सोडून दिला.

पण माणसाची बुद्धी मोठी सोयीची असते. तिनं लगेच तोड काढली. रात्रपाळीचा थकवा. जागरणं. असलं दुखणं वंशात उतरतं म्हणतात, आपल्यामुळंच आलं असेल बिचारीला, दाखवू एखाद्या चांगल्या डॉक्टरला. रेघेचा आणि हाताचा काय संबंध? यंत्र ते यंत्र, हात तो हात. असं स्वतःला समजावून त्यानं चीवराच्या उरलेल्या घड्या पुऱ्या केल्या. बांगड्या वाजत राहिल्या.

संध्याकाळी तो म्हणाला, "झोपताना बांगड्या काढत जाय माय. टोचतीन."

समताला बरं वाटलं. आई गेल्यापासून असं कुणी म्हणालं नव्हतं. तिनं बांगड्या काढून खुंटीला अडकवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बांगड्यांचा आवाज आला नाही, पण पलंगाचा सैल नट खटखटू लागला.

तेव्हा दयारामनं माडीवरून कूलर खाली आणवला. होळी लांब होती, माघातली थंडी अजून हाडांतून गेली नव्हती. गोपाल आला होता, तो बघतच राहिला. "काऊन काका, एवढ्यातच कूलर?"

"मशीन गरम होऊन राह्यलं," दयाराम म्हणाला. त्यानं कूलर फुल सोडला. खोली त्या घरघरीनं भरून गेली. मग आत जाऊन त्यानं झोपलेल्या पोरीच्या अंगावर गोधडी घातली, गळ्यापर्यंत नीट खोचली, आणि येऊन कामाला बसला.

५

फाल्गुनात एक दिवस समता भलत्या वेळी घरी आली. चपला न काढताच खाली बसली.

दवाखान्यात तीन महिन्यांचं लेकरू आलं होतं, तापानं फणफणलेलं. सलाईन लावायची होती. तिनं शीर धरली आणि सुई बाजूला गेली. पुन्हा टोचली, पुन्हा गेली. लेकराच्या एवढ्याशा मुठीवर निळे डाग पडले तरी हिला थांबता येईना, आपण चुकतोय हेच पटेना. शेवटी लेकराच्या आईनं हिचा हात झटकला आणि सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "तुले येत नाई तं मारू नको माह्या पोराले."

"बाबा," समता म्हणाली, "माह्या हाताले काय झालं व्हो?"

ती सगळं सांगत होती आणि मांडीवर दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून बसली होती. दयारामनं त्या हातांकडे बघायचं टाळलं.

"कमजोरी हाय. जागरणानं होते."

"डॉक्टर म्हनते, आता इंजेक्शनं नको देऊ. केसपेपरच्या टेबलावर बस."

"मंग बरं झालं. तेवढाच आराम."

तिनं डोळे पुसले. मग टेबलावरच्या चित्राकडे तिची नजर गेली. बुद्धाचा खांदा, चीवराच्या घड्या, पाण्यासारख्या वाहणाऱ्या रेघा. तिचा चेहरा खरंच फुलला. "किती सुंदर आल्या बाबा. जाऊ द्या, तुमचा हात तं परत आला."

ती आत गेली. मग त्यानं मनातला सगळा वाद मिटवायचा ठरवला. कूलर बंद केला. स्टॅबिलायझरची पट्टी थोडी डावीकडे सरकवली आणि रेघ ओढली. रेघ काठाकाठानं दातेरी आली, आणि आत स्वयंपाकघरात सगळं शांत. पट्टी उजवीकडे नेली. रेघ सुधारली, आणि आत झाकण पातेल्यावर टकटकलं. पट्टी अगदी टोकाला नेली आणि एक मोठं वर्तुळ काढलं. आत पितळी डबा खाली पडला. "काही नाई बाबा, हातातून सुटला," समता आतून म्हणाली.

आता काही शंका उरली नव्हती. समतानं लपवून ठेवलेल्या खिडक्यांमध्ये शोधत शोधत तो एका यादीपाशी पोचला. यादीत एकच नाव होतं. समता. त्यावर पेन टेकवताच यंत्रानं विचारलं, हे काढून टाकायचं का? होय. नाही.

चित्राचा चेहरा अजून व्हायचा होता. ज्या डोळ्यांसाठी शंकररावांनी एवढं काम दिलं, ते डोळे बाकी होते. दयाराम वाईट माणूस नव्हता. लेकीवर त्याचा जीव होता, हे त्याच्या शत्रूनंही कबूल केलं असतं. त्यानं मनाशी शपथ घेतली, की चित्र संपलं की त्याच घडीला हे नाव पुसायचं. मग त्यानं 'नाही'वर पेन टेकवलं आणि उठून कूलर पुन्हा चालू केला.

६

चैत्र संपत आला. केसपेपरवरचं समताचं अक्षर कुणाला वाचता येईना, म्हणून दवाखान्यानं तिला काही दिवस घरीच बस म्हणून सांगितलं. ती घरीच बसली. बापाच्याच गोळ्या तीही घेऊ लागली.

चित्र पुरं होत आलं होतं. फक्त डाव्या डोळ्याची पापणी राहिली होती. अर्धवट मिटलेल्या डोळ्याची ती एकच लांब रेघ, आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत. भिंतीवर छापल्यावर इथला केसभर झोल तिथे वीतभर होणार. रेघ तुकड्यांनी जोडणं दयारामच्या स्वभावात नव्हतं. एका दमात यायला हवी.

"पाहू द्या ना बाबा, शेवटची रेघ," समता म्हणाली आणि चहा घेऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

नको, असं म्हणायला काय कारण सांगणार? कूलर फुल होता. त्यानं पट्टी टोकाला नेली, पेन टेकवलं आणि ओढायला सुरुवात केली. पेन पुढे गेलं. रेघ मागून निघाली, काळी, शांत, जाडीला कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. अशी रेघ त्याच्या तरण्या हातातूनही कधी उतरली नव्हती.

आणि लाईट गेली.

टॅबलेट बॅटरीवर चालू राहिला. कूलर मात्र घरघरत मंदावला, थांबला. खोलीत एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत कपबशी वाजत होती. समताच्या हातातली. कडकड कडकड, दात वाजावेत तशी. चहा बशीत सांडला, बशीतून तिच्या साडीवर.

तिनं कपाकडे बघितलं. मग रेघेकडे. रेघ सरकत होती तोवर कप वाजत होता. रेघ पापणीच्या टोकाला पोचली, अलगद उचलली गेली, आणि कप थांबला.

दयारामला उशिरा कळलं की आपण कुठं चुकलो. शेजारी बसलेल्या पोरीच्या हातात कप एवढा वाजतोय, तर कुणीही बाप दचकून बघतो. आवाज कशाचा, हे बघायला त्यानं मान वर केली नव्हती.

"झाली?" समतानं विचारलं.

"झाली."

"चांगली आली."

तिनं कप दोन्ही हातांनी धरला आणि आत नेऊन ठेवला.  त्यानं तिच्याकडे बघायचं धाडस केलं, तेव्हा ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती आणि साडीवरचा डाग चोळत होती.

७

वैशाख पौर्णिमेला अमडापूरच्या हॉलमध्ये माणूस मावत नव्हता. भिंतीवरचा पडदा ओढला आणि वंदना म्हणणारे आवाज क्षणभर थबकले. म्हाताऱ्या बाया हात जोडून उभ्या राहिल्या, काहींच्या डोळ्यांतून पाणी आलं. शंकररावांनी दयारामला मिठी मारली. मेणबत्ती लावायचा मान त्यांनी समताला दिला. तिनं काडी ओढली, पण ज्योत वातीपाशी नेता येईना. दोनदा विझली. मग दुसऱ्या एका बाईनं तिच्या हातून काडीपेटी घेतली. समता मागं जाऊन उभी राहिली आणि दयाराम सत्काराच्या शालीत, फोटोसाठी, सरळ समोर बघत राहिला.

घरी आल्याआल्या त्यानं शपथ पाळली. आता पाळायला काही लागत नव्हतं. यादी उघडली, नाव निवडलं, 'होय' केलं. यादी रिकामी झाली.

सुटली पोरगी, असं म्हणून तो आपला हात थरथरायची वाट बघत बसला. हात थरथरला नाही. त्यानं पेन ठेवलं, कोनाड्यातला जुना ब्रश काढला, पाण्यात बुडवला आणि भिंतीवर उभी रेघ ओढली. ओळंबा लावल्यासारखी सरळ. आणि आत समताच्या हातून पातेलं निसटून मोरीत घरंगळलं.

त्यानं आठवडाभर वाट बघितली, मग पावसाळाभर. तिचा हात तसाच राहिला. त्याचा हात पंचविशीतल्यासारखा. झालं ते झालं, आता परत देणार कसं, असं तो स्वतःला विचारायचा, आणि उत्तर नाही म्हणून सुटल्यासारखंही त्याला वाटायचं. आपला हात बरा झालाय, हे तिला मात्र कळायला नको. म्हणून दयारामनं नाटक सुरू केलं. तिच्यासमोर घास नेताना हात मुद्दाम हलवायचा. कपबशी वाजवायची. ज्या घड्याळाची त्याला चीड होती, ते कपाटातून काढून त्यानं मनगटात घातलं, कारण ते छान खुळखुळायचं. समता सकाळी दोघांच्या गोळ्या एका वाटीत काढून आणायची, आणि वाटी तिच्या हातात खरी वाजायची आणि त्याच्या हातात खोटी.

ती आतून किती तुटत होती, हे त्याला दिसत होतं. तरी तो दुपारी दार लावून चित्रं काढायचा. पट्टीसुद्धा लागत नव्हती आता.

८

पुन्हा थंडी आली. बाजार समितीत कापसाच्या गाड्या लागल्या. त्या दुपारी दयाराम पुढच्या खोलीत आणून ठेवलेल्या लोखंडी पलंगावर गोधडी घेऊन आडवा झाला होता. थंडीनं की आवाजानं, त्याला जाग येऊ लागली. कसली तरी घरघर चालू होती. ओळखीची. पण झोप डोळ्यांवर होती आणि ती कसली हे आठवत नव्हतं.

"बाबा," समता जवळून म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "एक रेघ ओढून द्या."

त्याच्या मांडीवर काहीतरी थंड, सपाट ठेवलेलं होतं. बोटांत पेन आधीच होतं. पेंटरच्या हातात पेन दिलं, की त्याला विचारावं लागत नाही. जन्मभराची खोड. हातानं रेघ ओढली, सरळ, सुंदर, आणि मगच दयारामचे डोळे पूर्ण उघडले.

पडद्यावर रेघ होती. तिच्याखाली यंत्रानं नाव विचारलेलं, आणि तिथे वेड्यावाकड्या बोटांनी, चुकत चुकत, कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं. बाबा.

"समता," तो म्हणाला. "अव, हे काय?"

तिनं त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं. दोन्ही हातांनी, कारण एका हातानं तिला जमत नव्हतं. मग तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. थरथरणारी बोटं त्याच्या हनुवटीवर टकटकली.

"दाढी किती गुळगुळीत केली बाबा," ती म्हणाली. "औंदा एकदाबी कापलं नाई तुमाले."

ती टॅबलेट घेऊन टेबलाशी जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून. तिनं बांगड्या घातल्या होत्या. लाल टिकलीच्या बटणावर तिचं बोट ठरत नव्हतं, बांगड्या वाजत होत्या, त्या त्याला दिसत होत्या पण ऐकू येत नव्हत्या. कारण खिडकीतला कूलर, त्या मरणाच्या थंडीत, फुल सोडलेला होता. तिनं हात लांब करून पट्टी उजव्या टोकाला नेली. मग श्वास सोडला, आणि ओढायला लागली. नुसत्या रेघा. एकीखाली एक. पहिली जरा हलली. दुसरी कमी हलली. तिसरीला बांगड्या थांबल्या.

गोधडीवर दयारामच्या मनगटातलं घड्याळ खुळखुळू लागलं.

त्यानं दुसऱ्या हातानं ते दाबून धरलं. दोन्ही हात हलू लागले. आधी नुसते मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग पलंगाचा नट वाजू लागला. अशी थरथर त्याला कधीच आली नव्हती. ही त्याची जुनी नव्हती.

"समता!" त्यानं हाक मारली. "माय, थांब! समता!"

तिनं पडद्यावरचा कागद निळ्या टिकलीनं फिरवला आणि नवी रेघ सुरू केली. मागून आवाज येत होता, पलंगाचा, घड्याळाचा आणि बापाचा. तिनं मान वर केली नाही.